शनिवारी सहानंतर

सलग दुसऱ्या सोमवारी मुर्दिनानं बेटावरच्या गावच्या हॉलचं कुलूप काढलं, आणि सलग दुसऱ्या सोमवारी साठ लॅपटॉपचे साठ लाल पडदे तिच्यासमोर उभे राहिले.

लांब टेबलांवर बाराबाराच्या पाच रांगा होत्या. शनिवारी दुपारी त्यांना कामाला लावून ती घरी गेली होती. कामात तसं माणसाचं काही नसतंच. नवा लॅपटॉप खोक्यातून काढायचा, वायर जोडायची, बटण दाबायचं. पुढचं तो आपलं आपण करतो. कोपऱ्यातल्या सर्व्हरवरून आधी विंडोज उतरवून घेतो, मग शाळेला लागणारे अठ्ठावीस प्रोग्राम एकामागून एक बसवतो, आणि सगळं झालं की हिरवा पडदा दाखवून स्वस्थ बसतो. प्रोग्राम बसवायला सहा तासांची मुदत घातलेली होती. तेवढ्यात आटपलं नाही तर तो सगळं सोडून देतो आणि लाल होतो. हॉलच्या मागच्या खोलीत, मुर्दिनाच्या टेबलावर, हेच अठ्ठावीस प्रोग्राम बावन्न मिनिटांत बसत असत.

"पुन्हा?" आलिकनं दारातूनच विचारलं. खोकी उचलणं, वायरी ओढणं आणि गाडी चालवणं ही तिन्ही कामं आलिककडे होती, आणि बोलणं हे चौथं.

"पुन्हा."

"मी सांगतो तुला, यांना धर्म कळतो. शब्बाथ, रविवारचा विश्रांतीचा दिवस, जवळ आला की हातातलं काम खाली. तुझ्या-माझ्यापेक्षा बरे."

"धर्म कळत असता तर सोमवारी उठून कामाला लागले असते," मुर्दिना म्हणाली आणि पहिल्या रांगेपासून एकेक बंद करत निघाली.

एफी आली ती डोक्यावरचा रुमाल न काढताच. क्लादाख ही लॅपटॉप तयार करून देणारी पाच जणांची सहकारी संस्था तिनंच उभी केली होती आणि तीच चालवत होती.

"काल अर्ध्या गावानं चर्चला जाताना हे लाल बघितलं," ती म्हणाली. "माझ्या नणंदेनं विचारलं, हॉलमध्ये तुम्ही आता बार काढलाय का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, काढला तर पहिला ग्लास तुलाच. आता बोलत नाहीये माझ्याशी." मग ती खुर्ची ओढून बसली आणि तिचा आवाज खाली आला. "मुर्दिना, सोमवारची बोट. आजपासून सात दिवस."

ते मुर्दिनाला वेगळं सांगायला नको होतं. मुख्य भूमीवरच्या शाळा-मंडळानं शंभर लॅपटॉप परीक्षा म्हणून दिले होते. ते वेळेवर पोचले तर वर्षभराचं काम क्लादाखला मिळणार होतं, नाहीतर इन्व्हरनेसच्या एका मोठ्या कंपनीला. वर्षाचं काम आलं नाही तर पाचांतली एक जागा कमी करावी लागणार होती, आणि शेवटी आलेली मुर्दिनाच होती. तीन वर्षांपूर्वी ती ग्लासगोहून परत आली ती आई एकटी राहिली म्हणून. आई, केत, एक्याऐंशी वर्षांची होती आणि बेट सोडून कुठं जाणार नव्हती. ग्लासगोच्या एका रुग्णालयाच्या संगणक-विभागाचं पत्र मुर्दिनाच्या खणात होतं. जागा रिकामी आहे, पुढच्या बुधवारपर्यंत कळवा. तिला जायचं नव्हतं. पण क्लादाखची जागा गेली तर बेटावर तिच्या हाताला दुसरं काम नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

"साठ एकदम लावतेस म्हणून हे होतं," आलिक म्हणाला. "साठ गाई एका कुंडावर सोडल्यासारखं. एकेक सोडलीस तर पितील ना."

हेच सगळ्यांना वाटत होतं. पहिल्या शनिवारनंतर साठ वायरी जिथं येऊन मिळतात ती पेटी बदलून झाली होती. नवी पेटी विमानानं मागवली होती. तरीही लालच.

मुर्दिनानं त्या दिवशी लॅपटॉपच्या नोंदी वाचायला घेतल्या. प्रत्येक मशीन स्वतःची एक रोजनिशी ठेवतं, कुठला प्रोग्राम कधी सुरू केला, कधी संपला. ती वाचणं म्हणजे जुन्या तारांच्या कचेरीतली पट्टी वाचण्यासारखं, एक ओळ आणि एक वेळ, पुन्हा एक ओळ आणि एक वेळ. दुपारच्या चहापर्यंत ती सातव्या मशीनवर होती. मग तिनं एक कागद घेतला आणि दोन रकाने आखले.

"एफी, इकडे ये जरा," ती म्हणाली.

एफी आली. आलिकही आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"हा बघ, अक्षरांना वळण देणारा छोटा प्रोग्राम. माझ्या टेबलावर याला वीस सेकंद लागतात. शनिवारी लागली चोवीस मिनिटं आणि वीस सेकंद. आणि हा लिहिण्याबिहिण्याचा मोठा. माझ्याकडे सहा मिनिटं. शनिवारी तीस."

"म्हणजे हळू चालतंय," आलिक म्हणाला. "ते आम्हालाही दिसतंय."

"हळू चाललं असतं तर मोठ्याला खूप जास्त लागलं असतं आणि छोट्याला थोडं. इथं लहान असो मोठा असो, वर चोवीस मिनिटं. सगळ्यांना सारखीच. हे काम नाही. ही वाट बघणं आहे. चोवीस मिनिटं बसतात, कंटाळतात, मग आपलं काम करतात."

"कुणाची वाट?"

"ते यात लिहिलेलं नाही."

एफीनं कागद उलटसुलट करून बघितला. "मग साठ एकदम लावले म्हणून वाट बघतात?"

"असेल. तेही मला हॉल मिळाल्याशिवाय कळणार नाही. बुधवारी दे."

बुधवारी हॉलमध्ये मुलांचा सुट्टीतला वर्ग असे. एफीनं वर्गाच्या बाईंना फोन लावला आणि मुलांना समुद्रावर न्या म्हणाली.

"पाऊस आला तर?" बाईंनी विचारलं.

"आला तर भिजतील. भिजली म्हणून काही विरघळत नाहीत." आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी नऊला मुर्दिनानं अजून खोक्यात असलेले चाळीस लावले. मुलांचे रंग, कागदाचे मासे आणि अर्धवट विणलेल्या टोपल्या बाकीच्या टेबलांवर होत्या, म्हणून चाळीसच. साडेबारापर्यंत विंडोज उतरलं. दीड वाजायच्या आत चाळीसच्या चाळीस हिरवे झाले. कुठंही वाट बघितलेली नाही.

"सुटलं!" आलिकनं टाळी वाजवली.

"सुटलं नाही. मी काहीच केलेलं नाही, आलिक. मी काही न करता बरं झालं, तर मी काही न करता बिघडेलही."

"चाळीस चालतात, साठ चालत नाहीत. सरळ आहे. म्हणजे उरलेले साठ तीस-तीस करून लाव."

"कधी लावू? आज दोनला मुलं परत येतात, उद्या म्हाताऱ्यांचं जेवण, परवा लग्न. शनिवारी सकाळी तू झाडणार, मग मला दुपार मिळणार. तीस लावून ते होईपर्यंत संध्याकाळ, मग दुसरे तीस. कुठं थोडं अडलं की रात्रीचे बारा वाजले, रविवार लागला."

रविवारी काही करायचा प्रश्नच नव्हता. तो कुणी काढलाही नाही.

शुक्रवारी लग्न झालं. शनिवारी सकाळी हॉलमध्ये फुगे होते, टेबलाखाली एक उंच टाचेचा बूट होता, आणि रंगीत कागदाचे कण फटीफटीत अडकले होते. मुर्दिना साडेदहालाच आली. मागचे दोन्ही शनिवार तिला दुपारी अडीचपर्यंत थांबावं लागलं होतं, कारण सकाळी बॅडमिंटन असे. या खेपेला लग्नामुळं बॅडमिंटन नव्हतं.

निघताना केतनं स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "उद्याची बटाटी?"

"सोलून पाण्यात टाकलीत."

"बूट?"

"पुसलेत. तुझेही."

"मग कधी येशील?"

"सातपर्यंत."

"सात म्हणजे सात हं. सव्वासात म्हणजे सात नाही."

साडेअकराला साठही सुरू झाले. मागच्या वेळी मुर्दिना इथंच दार ओढून घरी गेली होती, कारण विंडोज उतरताना बघत बसण्यासारखं काही नसतं आणि शनिवारची दुपार सगळ्यांच्या घरी कामाची असते. या वेळी ती खुर्ची घेऊन रांगांच्या मध्ये बसली. आलिकनं तीन वेळा झाडलं. एकदा त्यानं उंच टाचेचा बूट खिडकीत ठेवला, मालकिणीला दिसावा म्हणून.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी पहिल्या रांगेनं प्रोग्राम बसवायला घेतले, मग दुसरीनं. सगळं बेष्ट चाललं होतं. पडद्यावरच्या पट्ट्या भरत होत्या, एक संपला की दुसरा. साठ एकदम लावूनही कुठं अडत नव्हतं. आलिकचा कुंडाचा सिद्धांत तिनं मनातल्या मनात खोडला आणि त्याला काही सांगितलं नाही. सहाला दोन मिनिटं असताना काहींचा अकरावा प्रोग्राम चालू होता, काहींचा बारावा.

हॉलच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर सहाचे ठोके पडले. बातम्या सुरू झाल्या.

मुर्दिना तिसऱ्या रांगेत होती. समोरची पट्टी भरत आली आणि संपली. पुढच्या प्रोग्रामचं नाव आलं. पट्टी आली. आणि रिकामीच राहिली. तिनं शेजारचा बघितला. तोही. ती रांगेच्या टोकाला गेली, मग पुढच्या रांगेत. एखाद-दुसरा आधीचं संपवत होता. तो संपवून तोही गप्प झाला. पाच मिनिटांत साठच्या साठ थांबले.

"काय केलंस?" आलिकनं झाडू टेकवून विचारलं.

"काही नाही."

"मग मी केलं का?"

"तू झाडत होतास."

तिनं खिशातून फोन काढला, हॉलच्या वायफायवर कुठलं तरी पान उघडायला घेतलं. गोल फिरत राहिला.

"आता कसलं वायफाय?" आलिक म्हणाला. "सहा वाजून गेले. टॉर्मोदनं बंद केलं."

मुर्दिनानं त्याच्याकडे बघितलं. "सहाला? ते तर रविवारी बंद असतं ना? बारापासून?"

"सहापासून. शनिवारी सहा ते सोमवारी सहा. मला पाठ आहे, फुटबॉलचे निकाल पूर्ण यायच्या आत जातं ते."

"आणि हे तू मला आज सांगतोस!"

"तू कधी विचारलंस? तूच म्हणालीस, यांना बाहेरचं काही लागत नाही, सगळं कोपऱ्यातल्या सर्व्हरवर आहे. मी आपलं ऐकलं."

ती म्हणाली होती खरी. आणि प्रोग्राम सगळे सर्व्हरवर होतेही. पण प्रत्येक प्रोग्रामवर बनवणाऱ्याचा एक शिक्का असतो. तो बसवण्याआधी मशीन बाहेर, दूर कुठं तरी, विचारून घेतं की हा शिक्का अजून चालतो ना, कुणी रद्द तर केला नाही? एरवी त्याला क्षण लागतो, म्हणून ते कुणाच्या लक्षातच येत नाही. आज विचारलं आणि उत्तर आलं नाही. होकारही नाही, नकारही नाही. म्हणून साठ जण बसले होते. उरलेले सोळा-सतरा प्रोग्राम, प्रत्येकी चोवीस मिनिटं. साडेअकराच्या सुमाराला मुदत संपणार, आणि नाही संपली तरी बारा वाजणार.

"मी टॉर्मोदकडे जाऊन येते," ती म्हणाली.

टॉर्मोद मॅकास्किल हा निवृत्त पोस्टमास्तर. हॉलच्या समितीत होता, चर्चच्या वडीलधाऱ्यांत होता, आणि रविवारी स्तोत्राची ओळ द्यायचा मान त्याचा होता. आमच्याकडे चर्चमध्ये पेटी नाही, वाद्य नाही. एक जण उभा राहून ओळ सांगतो, ताणून, चालीत. मग मंडळी ती उचलतात, पण एकदम नाही. जो तो आपल्या श्वासानं, आपल्या गतीनं, कुणी पुढं, कुणी मागं, आणि सगळं मिळून एक लाट फुटून वर यावी तसं होतं. ज्यानं ते एकदा ऐकलं त्याला दुसरं गाणं काही दिवस ऐकवत नाही. त्या लाटेच्या आधीचा एकटा आवाज टॉर्मोदचा. हॉलमध्ये इंटरनेट आलं तेव्हा ते सांभाळायचं कामही त्याच्याकडेच आलं, कारण तारांचं ज्याला कळतं असा गावात तोच होता.

तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बटाटी सोलत बसला होता. जमिनीवर वर्तमानपत्रावर पॉलिश केलेले बूट होते.

"ये पोरी. चहा?"

"नको. टॉर्मोद, तुम्ही हॉलचं इंटरनेट बंद केलंत, बाहेर जायचं दारच."

"मी कुठं केलं. आपोआप होतं ते. नऊ वर्षं झाली."

"दोन तास उघडाल? फक्त दोन."

तो सोलत राहिला. साल एकाच लांब पट्टीत खाली येत होतं. तिनं शिक्क्याचं, वाट बघण्याचं, सोमवारच्या बोटीचं सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"नाही उघडता येणार," तो म्हणाला. "मी एकटा ठरवत नाही, समितीचा ठराव आहे. रविवारी मुलं हॉलबाहेर गाड्या लावून बसायची, फुकटचं वायफाय. भर प्रार्थनेच्या वेळी. म्हणून ठराव झाला. तुझ्यासाठी आज उघडलं तर पुढच्या शनिवारी हॉटेलवाला येईल, आणि त्याला मी काय सांगू?"

"पण सहालाच का?"

"बारालाच लावलं तर पावणेबारापर्यंत बसतात. सहाला लावलं की घरी जातात, हे करतात." त्यानं सोललेला बटाटा दाखवला.

त्यानं दुसरा बटाटा घेतला.

"केत म्हणत होती, ग्लासगोहून पत्र आलंय."

"आलंय."

"जायचंय?"

"नाही."

"हं."

मग मुर्दिनानं विचारलं, "तुम्ही बंद करता म्हणजे नक्की काय करता? बाहेर कुणी जायला लागलं तर त्याला काय सांगता?"

"काही सांगत नाही. तसंच लावलंय मी मुद्दाम. तिथं दोन प्रकार असतात. एकात ते लगेच नाही म्हणून सांगतं. दुसऱ्यात ते आलेलं गुपचूप टाकून देतं, उत्तर देत नाही. मी दुसरं घेतलं. नाही म्हटलं की लोक वाद घालायला येतात. का बंद केलं, कुणी केलं, तुम्ही कोण. गप्प बसलं की माणूस थोडा वेळ वाट बघतो आणि आपणच उठून जातो. तोंडावर नकार दिल्यासारखं होत नाही."

"माणूस उठून जातो. मशीन उठत नाही, टॉर्मोद."

त्यानं वर बघितलं.

"उद्या तुम्ही उभे राहिलात," ती म्हणाली, "आणि ओळच सांगितली नाहीत, तर मंडळी काय करतील?"

"थांबतील."

"किती?"

तो विचारात पडला. "एकदा माझा घसा बसला होता. ऐन वेळी आवाजच फुटेना. बसली होती सगळी. कुणी खोकलंसुद्धा नाही. चर्चचे मिनिस्टरसाहेब उठेपर्यंत. मला ते एक वर्ष वाटलं."

"आणि तुम्ही नुसती मान हलवून नाही म्हटलं असतंत तर?"

"तर साहेबांनी लगेच पुढचं सुरू केलं असतं." आणि मग, सुरी तशीच हातात धरून, "म्हणजे तिथं मी ओळ देत नाही म्हणून ती साठ बसून राहिलीत?"

"हो. दार उघडू नका. नुसतं नाही म्हणा."

"आणि नाही म्हटलेलं त्यांना चालतं?"

"चालतं. शिक्का तपासता आला नाही एवढं टिपून ठेवतात आणि कामाला लागतात. होकार मिळाला नाही तरी त्यांचं अडत नाही. उत्तर मिळालं नाही की अडतं. सोमवारी दार उघडलं की तो शिक्का आम्ही पुन्हा तपासून घेऊ."

टॉर्मोदनं सुरी ठेवली, पण उठला नाही. "एक सांग. बारापर्यंत झालं नाही तर?"

"तर मी वायरी काढीन."

"साठच्या साठ?"

"साठच्या साठ."

"आणि बोट?"

"जाईल चाळीस घेऊन. मग मी ग्लासगोला कळवीन की येते."

टॉर्मोदनं बटाटी पाण्यात सोडली, हात धुतले, पुसले, आणि खुंटीवरची टोपी घेतली. "ठराव बंद ठेवायचा आहे," तो टोपी घालता घालता म्हणाला. "गप्प बसायचा नाही. ते माझं मी केलं होतं."

हॉलच्या मागच्या कपाटात इंटरनेटची पेटी होती. टॉर्मोदनं आतल्या खिशातून छोटी वही काढली, चष्मा लावला, आणि एका बोटानं संकेतशब्द टाकला. आलिक त्याच्या खांद्यावरून बघत होता.

"आलिक, तुझा श्वास माझ्या मानेवर पडतोय."

"मी शिकतोय."

"घरी शिक."

त्यानं ती ओळ शोधली. खाली दोन पर्याय होते. त्यानं दोन्ही मोठ्यानं वाचले, चर्चमध्ये वाचतो तसे, थांबून. मग गप्प बसायच्या पर्यायावरची खूण काढून नाही म्हणायच्या पर्यायावर ठेवली. बाकीच्या वेळा तशाच ठेवल्या, शनिवार सहा, सोमवार सहा. त्या त्यानं दोनदा तपासल्या आणि मग बटण दाबलं.

तिघं हॉलमध्ये आले. काही झालेलं नव्हतं. साठ पट्ट्या रिकाम्या.

"झालं?" आलिकनं विचारलं.

"झालं," टॉर्मोद म्हणाला.

"मग?"

मुर्दिनानं घड्याळ बघितलं. सहा वाजून एकोणपन्नास. जे प्रश्न विचारून झाले होते त्यांची वाट मशीन आपली पूर्ण चोवीस मिनिटं बघणार, हे तिला आत्ता सुचत होतं. सुचत होतं, पण खात्री नव्हती. खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होतं, आमच्याकडे उन्हाळ्यात ते रात्री उशिरापर्यंत राहतं. एक मेंढी पायऱ्यांवर येऊन उभी राहिली होती आणि आलिकनं तिला हाकलली नाही.

सहा चोपन्नला दुसऱ्या रांगेतला एक हलला. त्याची पट्टी भरली, पुढचा प्रोग्राम आला, तोही भरला. मग चौथ्या रांगेत दोन, मग पहिलीत एक. एकदम काही नाही. ज्याची वाट संपेल तो निघत होता, कुणी आधी, कुणी नंतर, आणि मग बघता बघता टोकापासून टोकापर्यंत सगळा हॉल चालायला लागला. टॉर्मोद टोपी हातात घेऊन रांगांच्या मध्ये उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही आणि तो बसला नाही.

आठ वाजायला पाच मिनिटं असताना शेवटचा हिरवा झाला.

आलिकनं मोजले, मग मुर्दिनानं मोजले. साठ. एफीला फोन केला. पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "सर्दी झालीये," आणि ठेवला.

"आता हे मिटून टाका," टॉर्मोद म्हणाला.

"कशाला? राहू दे ना हिरवे," आलिक म्हणाला. "मागच्या रविवारी लाल बघितलं, उद्या हिरवं बघू दे. प्रगती आहे."

"उद्या खिडकीत लालही नको आणि हिरवंही नको. मीट."

तिघांनी मिळून साठ झाकणं मिटली. मुर्दिनानं सर्व्हर बंद केला, वायरीही काढल्या. घरी पोचेपर्यंत साडेआठ झाले होते. केत दारातच उभी होती.

"सात म्हणाली होतीस."

"हो."

"झालं का?"

"झालं."

"मग सात राहू दे," केत म्हणाली आणि सूप वाढायला गेली.

रविवारी चर्च भरलं होतं. टॉर्मोद उठला, त्यानं ओळ दिली आणि मंडळींनी ती उचलली. त्या दिवशी मिनिस्टरसाहेबांनीही मनावर घेतलं होतं. अशा दिवशी त्यांचं प्रवचन शेवटाकडे साधं बोलणं राहत नाही, हळूहळू चालीवर जातं. शब्द लांबत जातात, आवाज चढतो, आणि ऐकणारा कुठं बसलाय ते विसरतो. म्हातारी माणसं त्यासाठी पाच-पाच मैल चालत यायची, अजूनही काही येतात. देवाचं वचन गळ्यातून आलं की आत उतरतं, असं मला वाटतं. मुर्दिना मात्र प्रवचनाचा हा सगळा भाग झोपली होती, डोकं सरळ, हात मांडीवर. केतला ते दिसलं. तिनं कोपर मारलं नाही.

सोमवारी सकाळी सहाला दार उघडल्यावर मुर्दिनानं साठांचे शिक्के तपासून घेतले. एकही रद्द झालेला नव्हता. साडेनऊच्या बोटीवर शंभर खोकी चढली. आलिकनं बंदरावरच्या माणसाला प्रत्येक खोकं काचेचं आहे असं सांगितलं, त्यामुळं चढवायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.

बुधवारी सकाळी एफी मागच्या खोलीत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"मंडळाचा फोन होता. शाबासकीबिबासकी काही नाही. ऑक्टोबरात दोनशे दहा पाठवतायत, म्हणाले. मग जानेवारीत. करार वर्षाचा."

मुर्दिनानं स्क्रू फिरवायचं थांबवलं. "लेखी?"

"लेखी. मी वाचला. दोनदा." एफीनं खणाकडे बघितलं. "ग्लासगोला उत्तर आज द्यायचं होतं ना?"

"आजच."

"मग दे."

मुर्दिनानं रुग्णालयाला चार ओळी लिहिल्या. आठवण ठेवलीत त्याबद्दल आभार, पण मी येऊ शकत नाही, मला बेटावर काम आहे. पुन्हा वाचल्या, पाठवल्या, आणि समोरच्या लॅपटॉपचं झाकण बसवलं.

दुपारी जेवायला घरी गेली तेव्हा केत टेबलावर मासा वाढत होती.

"मी राहतेय," मुर्दिना म्हणाली.

केतनं काटा खाली ठेवला. एवढंच केलं. मग बशी तिच्याकडे सरकवली.

"तर मग शेडच्या छपराचं तूच बघ," ती म्हणाली. "मी स्टोर्नोवेहून माणूस बोलवायची थांबले होते, तू असशील की नाही म्हणून. हिवाळ्यातल्या वाऱ्याच्या आधी व्हायला हवं ते."